लारसनबाईंचा उघडा पाव

त्या बुधवारी सकाळी सोनाबाईनं पनवेलच्या बाजारातून आणलेला पाव चुलीजवळच्या पाटावर ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर घेऊन ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. पाव चांगला वीतभर उंच आणि हातभर लांब होता, वरून खरपूस, बाजूंनी पांढरा. त्यांच्या घरात पाव यायचा तो कुणी तापानं फणफणलं तरच, तोही चहात बुडवून रोग्याला भरवायला. धडधाकट माणसाला, त्यातून घरी आलेल्या पाहुण्याला कुणी पाव वाढतं, हे तिनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि आज चार वाजता येणारी पाहुणी साधीसुधी नव्हती. तिनं या घरात बसून खाल्लं तर वेणू नर्सचं शिक्षण घ्यायला पुण्याला जाणार होती. नाही खाल्लं तर जाणार नव्हती. एका अख्ख्या पोरीचं भवितव्य बेकरीतल्या पावावर येऊन ठेपावं, हे सोनाबाईला काही केल्या पटत नव्हतं.

हे असं कसं झालं ते आधी सांगायला हवं.

साल सत्तावन्न. सोनाबाईचं घर खाडीला लागून असलेल्या पाड्यावर, आणि नवरा बुधाजी मिठागरात राबणारा. वेणू त्यांची एकुलती एक. तिच्या आधीची दोन आणि तिच्या पाठचं एक, अशी तीन पोरं देवानं नेली, ही तेवढी राहिली. सातवी पास झाल्यावर ती बाजारामागच्या दवाखान्यात मदतीला जायला लागली. पट्ट्या धुवायच्या, सुया उकळायच्या, सुई बघून बोंबलणाऱ्या पोरांना घट्ट धरून ठेवायचं, असली कामं. दवाखाना चालवायची एक गोरी नर्सबाई, डेन्मार्क नावाच्या कुठल्याशा देशातली. आडनाव लारसन. पाड्यावर सगळे तिला लारसनबाई म्हणायचे, जशी काही ती पेणच्या लारसनांकडची सूनच. उंच, हाडकुळी, पायात पुरुषी चपला, आणि बोलणं असं की शाळेचं पुस्तक उघडून वाचतेय. तिची बदली पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात झाली होती. येत्या सोमवारी ती निघणार होती आणि वेणूला बरोबर न्यायचं म्हणत होती. शिक्षण तीन वर्षांचं.

बुधाजीला तीन वर्षांचं काही वाटलं नाही, पुण्याचंही नाही. त्याचं घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी.

"आपल्या घरात बसून जेनं बोट उष्टं केलं नाय, तेच्या हाती मी पोर देनार नाय," तो म्हणाला आणि गप्प झाला. बुधाजी एकदा गप्प झाला की त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घातलेला बरा.

पण हा हट्ट उगाच नव्हता. त्याच्या मनात एक जुना काटा होता, आणि तो सोनाबाईला ठाऊक होता. वेणूचे मास्तर तिचं कौतुक सांगायला एकदा घरी आले, सुपारीचं खांड तोंडात टाकून गेले; पाणी विचारलं तर म्हणाले, आत्ताच घेतलंय. देवी टोचणारे डॉक्टर आले, ते अंगणातूनच उभ्या उभ्या परतले. पनवेलातल्या चांगल्या चांगल्या घरांत बुधाजीनं डोक्यावरून मीठ पोचवलं होतं, पण त्यातलं कुणी त्याच्या घरात भाताचं शीत तोंडात घालत नव्हतं. "मीठ चालतं, आमी नाय चालत," असं तो एकदाच म्हणाला होता, तेही बैलाला.

वेणूनं हे सगळं जाऊन लारसनबाईला सांगितलं. बाई म्हणाली, मग मी बुधवारी चार वाजता खायला येते. इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोटाळा पुढे झाला.

मंगळवारी संध्याकाळी सोनाबाई तांदूळ पाखडत होती. "रावस आनायला सांगते तुझ्या बापसाला," ती म्हणाली. "नायतर कोलंबी."

"ती मासळी नाय खात, आये."

"बरं. कोंबडी कापू."

"कोंबडी पन नाय. अंडं पन नाय."

"म्हंजे बामनासारखी हाय. मंग काय, तूप-भात करू, वर वाटी भरून दूध."

"दूध नाय. तूप नाय, लोनी नाय, दही नाय."

सोनाबाईनं सूप खाली ठेवलं. "ताक?"

"आये, ताक कशाचं असतं?"

"उपास हाय का तिचा?"

"उपास नाय. ती कायमचीच तशी हाय. म्हनते, दूध वासराचं, आपलं नाय."

"आनि मद?"

"तो मदमाश्यांचा."

सोनाबाई मनाशी जुळवून बघू लागली. ब्राह्मण मासळी खात नाहीत, पण तुपाशिवाय त्यांचं पान हलत नाही. उपास करणारा भात सोडतो, पण दुधाचा पेला सोडत नाही. आजाऱ्याला तर दूधच देतात. लारसनबाई यांतल्या कुठल्याच खणात बसत नव्हती. वासराचं दूध वासराला, माशीचा मध माशीला, मग माणसाला देवानं काय ठेवलंय? आणि गंमत म्हणजे वासराचं ते बोलणं ऐकताना तिला क्षणभर बरोबरही वाटलं होतं. गेल्या वर्षी म्हशीचं पारडू मेलं तेव्हा ती म्हैस चार दिवस हंबरत होती, आणि सोनाबाई रोज तिच्याखाली चरवी घेऊन बसत होती. ती आठवण तिनं घाईघाईनं बाजूला सारली. असलं काही मनावर घेतलं तर घर चालायचं कसं?

"मंग ती जगते कशावर?"

"पाला, डाली, पाव. दवाखान्यात रोज दुपारी तेच खाते. पावाचा एक काप घ्यायचा आनि वर भाजी, मुला, कांदा असं मांडायचं. तिच्या देशात सगले हेच खातात."

"आनि वरचा काप?"

"वरचा नाय. एकच."

"झाकन नाय?"

"झाकन नाय, आये. उघडाच असतो. शानविच म्हनतात, पन उघडं."

बाजारातल्या हॉटेलात सँडविच मिळतं एवढं सोनाबाईनं ऐकलं होतं, आणि त्याला दोन बाजू असतात हेही. पण हे अर्धंच काय? पानात वाढून ते असं उघड्यावर ठेवायचं, हे तिच्या माहितीत फक्त दहाव्याला होत होतं, आणि ते कावळ्यासाठी. जित्या माणसापुढं? त्या संध्याकाळी तिचा भात खाली लागला, आणि बुधाजीनं मुकाट्यानं करपलेला भात खाल्ला.

बुधवारी सकाळी बेकरीत तिची उलटतपासणी ऐकून दाढीवाला बेकरीवाला चक्रावला होता.

"ह्यात दूध घातलंय का?"

"नाही बाई."

"तूप?"

"नाही. मैदा, पानी, खमीर, नमक. नमक तर तुमच्याच आगरातलं."

"अंडं?"

"अंडं केकमध्ये. हा पाव आहे." मग त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "बीमार कोण आहे घरात?"

"बिमार नाय कोन. पाहुनी येनार हाय."

त्यानं पाव कागदात गुंडाळता गुंडाळता तिच्याकडे असं पाहिलं की सोनाबाईला भर बाजारात शरम वाटली. पाहुण्याला नुसता पाव घालणाऱ्या बाईकडे आणखी कसं बघणार?

तर आता पाव पाटावर होता, वेणू दवाखान्यात गेली होती, बाईला घेऊनच चारला येणार होती, आणि बुधाजी मिठागरात. करणारी एकटी सोनाबाई.

तिनं आधी विळी घासली. या विळीवर रोज मासळी कापली जायची. राखेनं घासली, चिंचेनं घासली, उन्हात ठेवली, वास घेतला, परत घासली. मग पाटा-वरवंटा धुतला. मग तवा. पाहुणीच्या नेमाला आपल्या घरात धक्का लागता कामा नये. तो नेम कळो न कळो, नेम तो नेम. सोनाबाई नेम पाळणाऱ्यातली होती. तिच्या घरात सोमवारी आणि गुरुवारी मासळीचा डबा उघडत नसे, आणि श्रावणात तर तो माळ्यावर जाई.

मग पाव. पावाला सुरी हवी हे वेणू म्हणाली होती, पण घरात सुरी नव्हती. सोनाबाईनं विळी पायाखाली धरली, पाव आडवा घेतला आणि रावसाच्या तुकड्या पाडाव्यात तशा तुकड्या पाडल्या. पहिली तुकडी चेपली. दुसरी अर्ध्यात फाटली. तिसऱ्यापासून हात बसला आणि बोटभर जाडीचे सहा काप पडले. ते तिनं तव्यावर कोरडेच शेकले. तेल लावावं का? तेल तिळाचं, तिळाला कुणी विचारलं नसेल, पण तीळ काही हंबरत नाही. तिनं थेंबभर लावलं.

एवढ्यात शेजारची रंभा आली. रंभा तिची चुलत जाऊ, आणि पाड्यावर कुठंही काही शिजत असलं की तिला वास लागायचाच.

"हे काय गो?"

"लारसनबाईचं खानं."

"आनि कालवन?"

"कालवन नाय. वरतीच सगलं."

सोनाबाईनं परवा भिजत घातलेले वाल सोलून, शिजवून ठेवले होते. ते तिनं लसूण-मिठात कुटले आणि एका कापावर थापले. वर मुळ्याच्या चकत्या, पांढऱ्या कांद्याच्या चकत्या, टोमॅटोची एक फोड. दोघी जरा मागे सरकून बघायला लागल्या. दिसायला वाईट नव्हतं. पण रंभाच्या कपाळावर आठ्या आल्या.

"असंच देनार?"

"असंच म्हनली वेणू."

"माशा बसतील. नजर लागंल. आनि सोना, आपल्या घरची अब्रू अशी उघडी टाकतात का? ती म्हनंल, आगऱ्यांनी अर्धाच पाव दिला, अर्धा सोताला ठेवला."

हे मात्र सोनाबाईला लागलं. तिनं दुसरा काप घेतला आणि वर झाकला. रंभा म्हणाली, आता बरं दिसतं. रंभा गेल्यावर सोनाबाईनं तो उचलून खाली ठेवला, कारण वेणू दोनदा बजावून गेली होती. मग तिला वाटलं, वेणू काय, पोर आहे. तिला पाहुणचारातलं काय कळतं? तिनं परत झाकला. मग बाईला झाकलेला आवडला नाही तर? तिनं काढला. काढताना मुळा कापाला चिकटून वर आला आणि वाल सांडले. ती मटकन खाली बसली.

आणि बसल्या बसल्या तिच्या मनात एक विचार आला, जो सकाळपासून दाराआड उभा होता. नाही जमला हा पाव, तर काय होईल? बाई खाणार नाही. बुधाजी नाही म्हणेल. वेणू रडेल, आठ दिवस बोलणार नाही, आणि मग घरीच राहील. सकाळी तिच्या बांगड्यांचा आवाज येत राहील. सोनाबाईला हे हवं होतं. आणि त्याच वेळी तिला आपले पाय दिसत होते, मिठात उभं राहून चिरलेले, टाचांत बोट जाईल एवढ्या भेगांचे. वेणूचे पाय असे होऊ नयेत, हेही तिला तितकंच हवं होतं. पोरीनं जावं आणि पोरीनं जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एका वेळी एका बाईला कशा काय हव्या असू शकतात? तिनं स्वतःला विचारलं. आणि ती उठली. काम केलं की डोकं गप्प बसतं, हा तिचा अनुभव होता.

वाल कापावर टिकत नव्हते, ही खरी अडचण होती. पाव कोरडा, वाल कोरडे. लोणी लावलं असतं तर धरून बसले असते. लोणी चालत नाही. मग खाली ओलं काहीतरी हवं, भिंतीला गिलावा लागतो तसं. चटणी! हे सुचताच तिला सकाळपासून पहिल्यांदा मोकळं वाटलं. पावाचं तिला काही कळत नव्हतं, पण चटणी ती झोपेतसुद्धा वाटू शकली असती. तिनं नारळ फोडला, खोबरं खवलं, मिरच्या देठं काढून घेतल्या, आणि पाट्यापुढं बसली. हात आपोआप फडताळातल्या डब्यांवर फिरत होते, वरवंटा पुढं-मागं होत होता. पंचवीस वर्षं ती हेच करत आली होती. चटणी अशी झाली की तिनं बोटाला लागलेली चाटली आणि स्वतःशीच मान डोलावली.

चार कापांवर चटणी, वर वाल, वर मुळा-कांदा. आता सगळं धरून बसलं. झाकणाचा प्रश्न तिनं आपल्या परीनं सोडवला. पितळी ताटात चारही काप मांडले आणि ताटावर केळीचं पान पालथं घातलं. पाव उघडा तो उघडाच, आणि घरची अब्रू झाकलेली.

चार वाजता वेणू आणि लारसनबाई आल्या. बुधाजी त्याआधीच मिठागरातून येऊन, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओटीवर बसला होता. बाई पाटावर मांडी घालून बसली. गुडघे वर आले, पण बसली. सोनाबाईनं ताट पुढं ठेवलं आणि ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

बाईनं पान उचललं. "अरे!" ती म्हणाली. "हे तर माझ्या घरचं आहे." आणि मग तिनं असं काही हसून सोनाबाईकडे पाहिलं की सोनाबाई गोंधळून आत बघायला लागली.

बाईनं पहिला काप उचलला आणि खाल्ला. कडेला लागलेली चटणी बोटानं पुसून तेही चाटलं. बोट उष्टं झालं. बुधाजी बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं, ते सोनाबाईनं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. तोंडाचे स्नायू कुठं ठेवावेत हेच त्याला कळत नव्हतं. बाईनं दुसरा काप घेतला.

"वेणूचे आये," बुधाजी घसा खाकरून म्हणाला, "पोरीची ट्रंक काढून ठेव माल्यावरनं."

वेणूनं चटकन खाली मान घातली. सोनाबाईची नजर माळ्याकडे गेली. म्हणजे झालं. जमलं.

"ही चटणी फार छान आहे," लारसनबाई अर्धा काप हातात धरून म्हणाली. "मला लिहून घ्यायची आहे. काय काय घातलं?"

सोनाबाईला आयुष्यात कुणी पाककृती विचारली नव्हती. ती खुलली. बोटं मोजत सांगायला लागली. "खोबरं. हिरवी मिरची. लसून. कोथमीर. मीठ, आमच्याच आगरातलं. आनि..."

पाचव्या बोटानंतर दुसऱ्या हाताचा अंगठा वर आला आणि तिथंच राहिला.

आणि मूठभर भाजलेला जवळा. फडताळातला, मिठाच्या शेजारचा डबा. तिला आता तो डबा, त्याचं निघालेलं झाकण, मुठीतून पाट्यावर पडलेले ते केसाएवढ्या बारीक कोलंबीचे वाळके चुरे, सगळं लख्ख दिसलं. विळी राखेनं घासणारी बाई, चिंचेनं पाटा धुणारी बाई, आणि तिनंच आपल्या हातानं. कसं झालं हे? आज सोमवार असता तर तिचा हात त्या डब्याजवळ गेलाच नसता, जाता जाता आखडला असता. पण आज बुधवार. तिच्या घरात मासळी वर्ज्य असते ती वाराला. माणसाला वर्ज्य असते, तीही बुधवारी, हे तिच्या डोक्याला कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं. वास तरी यायचा कुणाला? पाड्यावर बाराही महिने सुकी मासळी वाळत असते. वेणूचं नाक त्यातच वाढलेलं, आणि बाईलाही पनवेलात दोन वर्षं झाली होती.

सगळे तिच्याकडे बघत होते.

न बोलता राहिलं तर? कुणाला कधी कळणार नाही. बाई पुण्याला जाईल, वेणू जाईल, बुधाजीच्या मनातला काटा निघेल. पण बाईचा नेम आपल्या घरात मोडला, हे तिला जन्मभर पुरणार होतं. आणि बोललं तर? बाई ताट सारेल. बुधाजीचं तोंड परत पहिल्यासारखं होईल. वेणू राहील. वेणू राहील, हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. ती खरं बोलायला निघाली होती की पोरीला अडवायला? तिला निवडता येईना, आणि तोंड मात्र बोलून गेलं.

"जवला हाय त्यात."

"जवळा म्हणजे?" लारसनबाईनं वेणूला विचारलं.

बाईला शब्द माहीत नव्हता. आता सगळं वेणूवर आलं. तिनं पाला म्हटलं असतं, मसाला म्हटलं असतं, तरी बाईनं ते तसंच वहीत लिहून घेतलं असतं. वेणूनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"बारीक कोलंबी असते, बाई," ती म्हणाली. "सुकवलेली."

लारसनबाईनं हातातला अर्धा काप ताटात ठेवला. ती उठली, ओटीवरून खाली उतरली, आणि अंगणातल्या हंड्याजवळ जाऊन तिनं चूळ भरली. एकदा, मग परत, मग परत. पाण्याचा आवाज येत होता तेवढाच.

"चटनीबिगर जगता येत नाय तुला?" बुधाजी दातांत म्हणाला. एवढंच. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. त्यानं सदऱ्याच्या वरच्या गुंड्या सोडायला घेतल्या, पाहुणे गेल्यावर सोडतात तशा.

लारसनबाई परत आली. चेहरा जरा उतरला होता. ती पाटावर बसली, गुडघे आवरले, आणि सोनाबाईला म्हणाली, "मला अजून भूक आहे. चटणीशिवाय एक होईल का?"

सोनाबाई आत धावली. दोन काप उरले होते. घाईत निम्मे वाल जमिनीवर पडले. तिनं काप तसाच, कोरडाच, वर वाल दाबून, मुळ्याच्या दोन चकत्या ठेवून आणला. पान झाकायचं राहिलं. बाईनं तो दोन्ही हातांनी धरला. वाल घरंगळून तिच्या मांडीवर पडत होते, मुळा एकदा ताटात पडला, तो तिनं उचलून परत वर ठेवला. कोरडा घास तिला गिळवत नव्हता; मध्ये दोनदा पाणी प्यायली. पण खाल्ला. मांडीवरचे वाल वेचून तेही खाल्ले. बुधाजी शेवटच्या दाण्यापर्यंत बघत होता. गुंड्या त्यानं अर्ध्यात सोडल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"सोमवारची यष्टी किती वाजता सुटते?" त्यानं बाईला विचारलं.

"सकाळी सात."

"मी सोडायला येतो दोगींना."

बाई गेली. बुधाजी तिला पाड्याच्या टोकापर्यंत पोचवायला गेला. घरात दोघी उरल्या. वेणू ताट उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"आये, तू मुद्दाम सांगितलंस? मी ऱ्हावं म्हनून?"

सोनाबाईला खोटं बोलता आलं असतं. नाही गो, नेम मोडला म्हणून सांगितलं, असं म्हटलं असतं तर ते अर्धं खरंही होतं. पण तिला ते अर्धं कुठलं, तेच कळत नव्हतं.

"मना नाय म्हायीत," ती म्हणाली. "सांगितलं खरं. कंला सांगितलं, मना नाय म्हायीत. तू तरी कंला सांगितलंस? पाला म्हनली असतीस तर चाललं असतं."

वेणूनं ताट खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत भसकन पाणी आलं.

"मना पन नाय म्हायीत, आये," ती म्हणाली. "मना वाटलं, आता बाबा नाय म्हनतील. आनि वाटलं, बरं होईल."

महिनाभर या घरात पोरीच्या जाण्याची बोलणी चालली होती, आणि तुला जायचं आहे का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आईनंही नाही. सोनाबाईनं ते विचारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पाड्याच्या टोकाकडून बुधाजीचा आवाज आला. हा माणूस आयुष्यात कधी मोठ्यानं बोलला नव्हता, आणि आता घराघरासमोर थांबून सांगत येत होता. "अडीच खाल्लान बाईनं! माज्या घरात, पाटावर बसून, अडीच! माजी वेणू चालली सोमवारी!" रंभा काहीतरी विचारत होती, कुणीतरी हसत होतं, आणि बुधाजी परत पहिल्यापासून सांगत होता.

तो अंगणात येईपर्यंत वेणूनं पदरानं डोळे पुसले, आणि सोनाबाई ट्रंक काढायला माळ्याला शिडी लावायला गेली.